इंडस्ट्रियल डिझाइनचा डिप्लोमा: नेमकं काय शिकवतात?

तुमची मुलगी बारावी आर्ट्सला आहे आणि तिला इंडस्ट्रियल डिझाइनचा, म्हणजे कारखान्यात बनणाऱ्या रोजच्या वस्तूंची रचना करायला शिकवणारा डिप्लोमा करायचाय. त्यात काय शिकवतात, चित्रकला किती लागते आणि 'नुसत्या डिप्लोमा'वर पुढं काही होतं का, असं तुम्ही विचारलंय. मी हाच डिप्लोमा केलाय. अहमदाबादला, एनआयडीत (राष्ट्रीय डिझाइन संस्थेत), प्रॉडक्ट डिझाइन म्हणजे वस्तूंच्या डिझाइनमध्ये. कोर्स चार वर्षांचा, मला पावणेपाच लागली. ते पुढं येईलच.

आधी त्या शब्दाचा घोळ. आपल्याकडं डिप्लोमा म्हणजे दहावीनंतरचं पॉलिटेक्निक. मी निघाले तेव्हा सांगलीत शेजारच्या काकांनी बाबांना विचारलं होतं, "डिप्लोमाच करायचाय तर पोरीला अहमदाबादला कशाला धाडताय?" शैक्षणिक कर्जाच्या फॉर्मवर 'पदवी'च्या रकान्यात काय लिहायचं, यावर बँकेत तीन हेलपाटे झाले. एनआयडी १९६१ची. पण ती विद्यापीठ नव्हती, त्यामुळं चार वर्षं राबवून घेऊनही हातात डिप्लोमाच द्यायची. २०१४च्या कायद्यानं तिला पदवी द्यायचा अधिकार मिळाला, आता तिथं बी.डेस., म्हणजे डिझाइनची पदवी होते. डिझाइन शिकवणारी दुसरी मोठी जागा म्हणजे आयआयटी मुंबईतलं आयडीसी हे केंद्र, ते १९६९चं. त्याच्या उभारणीत जे.जे.त शिकून जर्मनीत उल्मच्या डिझाइन शाळेत गेलेल्या सुधाकर नाडकर्णी या डिझायनरचा मोठा वाटा. बारावीनंतरचं बी.डेस. तिथं २०१५ला सुरू झालं.

म्हणून आज कुणी वर्षभराचा 'इंडस्ट्रियल डिझाइन डिप्लोमा' विकत असेल तर फी विचारायच्या आधी वर्कशॉप दाखवा म्हणा. कॉम्प्युटरची खोली दाखवली तर चहा पिऊन परत या. सॉफ्टवेअर येतं हो, सहा महिन्यांत येतं. त्याला डिझाइन म्हणत नाहीत.

शिकवतात काय? पहिलं वर्ष सगळ्यांना सारखंच: रेखाटन, रंग, भूमिती, लाकूड, धातू, माती. लोखंडाचा एक ठोकळा कानशीनं घासून काटकोनात आणायचा होता. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडं धरायचा. फटीतून प्रकाशाची रेघ दिसली की परत व्हाइसमध्ये, म्हणजे पकडून ठेवायच्या शिकंज्यात. माझे चार दिवस त्यात गेले आणि तळहाताला फोड आले ते वेगळंच. पण ड्रॉइंगवर 'नव्वद अंश' लिहिणं किती सोपं असतं, हे त्यानंतर विसरले नाही.

मग एकदा घरातली एक वस्तू आणायला सांगितली. मी आईची विळी नेली, पात्याला गोणपाट गुंडाळून. समोरून, बाजूनं, वरून तिची मोजून चित्रं काढली, खवणीच्या दात्यांसकट. मला वाटलं, झालं. सरांनी चित्रांकडं धड पाहिलंच नाही. म्हणाले, "कापताना हलतं कोण, पातं का भाजी?" आयुष्यभर विळी बघूनही मला हे सुचलं नव्हतं. सुरीत पातं हलतं आणि भाजी जागेवर. विळीत पातं जागेवर, भाजी हलते, आणि ती धरायला दोन्ही हात मोकळे. कारण पाट दाबून धरायचं काम पाय करतो. पाट लांब असतो तो पायासाठी! मग ओटे आले, बाई उभी राहिली, पायाचा भार गेला आणि विळी सरकायला लागली. म्हणून ओट्यावरच्या विळीला क्लॅम्प लावावा लागतो. उभ्यानं वापरायची विळी करा, असं पुढचं काम होतं. पुठ्ठ्याची आणि थर्माकोलची मिळून अकरा मॉडेलं केली, त्यातली दहा कचऱ्यात गेली.

आता चित्रकला. सुबक निसर्गचित्र येण्याशी याचा फारसा संबंध नाही. डोक्यातली गोष्ट समोरच्याला कळेल इतपत हात चालायला हवा, आणि तो सरावानं चालतो. आमच्या वर्गात एलिमेंटरी-इंटरमिजिएटला ए ग्रेड असलेला एक जण होता. आपलं सुंदर स्केच फाडून नवं काढायला त्याच्या जिवावर यायचं. त्याला सगळ्यात जड गेलं.

शेवटच्या वर्षी डिप्लोमा प्रोजेक्ट असतो. खऱ्या कंपनीसाठी खरी वस्तू, आणि ज्युरीनं, म्हणजे परीक्षकांच्या मंडळानं पास केल्याशिवाय सुटका नाही. मी पाठीवरचा फवारणी पंप घेतला. सोळा लिटरची टाकी, म्हणजे सोळा किलो नुसतं पाणी. मी पाठीच्या कण्याला बसेल अशी, खालून गोलाकार टाकी केली. फोमचं मॉडेल देखणं झालं होतं, अजून फोटो जपून ठेवलाय. ते घेऊन तासगावकडं एका भाजीच्या शेतात गेले. तिथल्या शेतकरी दादांनी ते बांधावर ठेवलं आणि ते गडगडत सरीत गेलं. भरलेला पंप कुणी उचलून पाठीवर घेत नाही. तो बांधावर ठेवतात, पाठ करून खाली बसतात, पट्टे अडकवतात आणि मग उठतात. माझ्या टाकीला बूडच नव्हतं. शिवाय रोजच्या पंपानं फवारताना दादा वाकले की झाकणातून औषध मानेवर ओघळायचं आणि पट्ट्याखाली ते टॉवेल दुमडून घालायचे. सहा महिन्यांचं काम परत पहिल्यापासून! माझे जादा महिने तिथं गेले. कंपनीनं शेवटी नवी टाकी घेतलीच नाही, ब्लो मोल्डिंगचा (गरम प्लास्टिक हवेनं फुगवून टाकी बनवायचा) साचा परवडत नाही म्हणाले. झाकण आणि रुंद पट्टे घेतले. तेव्हा फार राग आला होता. आज माझ्या हाताखाली पोरं काम करतात, त्यांना साच्याचा खर्च पहिल्याच दिवशी काढायला लावते.

नोकरीचं म्हणाल तर मिळते. घरगुती उपकरणं, वाहनं, फर्निचर, वैद्यकीय उपकरणं, पॅकेजिंग. पुण्यात तर बरीच कामं आहेत. सुरुवातीचा पगार शेजारच्या कॉम्प्युटर इंजिनीअरशी तुलना करण्यासारखा नसतो, हे मुलीला आधीच सांगा. सरकारी जाहिरातीत 'पदवी आवश्यक' असेल तिथं आम्हा जुन्या डिप्लोमावाल्यांना अजून कागद दाखवत बसावं लागतं. तिला एनआयडी किंवा आयआयटीत आता पदवीच मिळणार असल्यानं तो त्रास नाही.

आर्ट्सची काळजी नको. एनआयडीला आणि यूसीडला, म्हणजे आयआयटीच्या बी.डेस.च्या प्रवेश परीक्षेला, कुठल्याही शाखेची बारावी चालते. यूसीड लागोपाठच्या दोनच वर्षांत देता येते आणि दोन्हीकडं वयाची अट आहे, तेव्हा त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचा. एनआयडीच्या प्रवेश परीक्षेच्या दुसऱ्या फेरीत समोर ठेवलेल्या सामानातून काहीतरी करून दाखवायला लावतात. क्लास लावायच्या आधी तिला घरातली रद्दी, तार आणि कात्री द्या आणि दिवाळीच्या सुट्टीत रोज एक वस्तू करायला सांगा. चौथ्या दिवशी ती स्वतःहून बसते का कंटाळते, ते बघा आणि मग क्लासचे पैसे भरा.