मातीकामाच्या पहिल्या तासाविषयी नव्या शिक्षिकेस
आपण तिसरीच्या वर्गासाठी मातीकाम निवडले, हे उत्तम झाले. बेळगाव जिल्ह्यातील खानापूरची माती कुंभारकामासाठी नावाजलेली आहे. ती मळलेलीच आणावी आणि ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावी. ज्येष्ठ अमावास्येला आपल्या भागात मातीच्या बैलांची पूजा होत असल्यामुळे बैल हा विषय मुलांना सांगावा लागत नाही.

सुरुवातीला सर्वांत जास्त घोटाळा पाण्याने होतो. मुले वाटीत हात बुचकळत राहतात, मातीचा चिखल होतो आणि बैल पायांवर उभा राहत नाही. म्हणून वाटीऐवजी प्रत्येकाला ओला फडका द्यावा. त्यानंतर जोड. माती वाळताना आकसते, त्यामुळे नुसते दाबून चिकटविलेले शिंग हमखास गळून पडते. दोन्ही बाजूंना काडीने चरे पाडावेत, पातळ कालवलेल्या मातीचा लेप द्यावा आणि मगच शिंग दाबून बसवावे. वाळवण सावलीत करावे, कारण कडक उन्हात तडे जातात.

बैल डुकरासारखा दिसला, तरी तो आपल्या हाताने सुधारू नये. नवे शिक्षक नेमके हेच करतात आणि पुढच्या तासाला मूल माती घेऊन आपल्याच टेबलाशी येऊन उभे राहते.

भट्टी आणि रंगकाम यांचा विचार यंदा नको. दिवाळीत किल्ले करणाऱ्या मुलांना मातीचे भय नसते, ते गणवेश धुणाऱ्या पालकांना असते. तेव्हा जुना सदरा आणण्याची सूचना आदल्या दिवशीच वहीत लिहून द्यावी.