प्रोफाइल 'मारली' की 'काढली'?

प्रश्न असा: कोल्हापुरात डिजिटल छापणारे 'या फ्लेक्सला प्रोफाइल मारली' म्हणतात. हा प्रयोग बरोबर आहे का, आणि प्रोफाइल मारणं म्हणजेच कॅलिब्रेशन का?

आधी लिंग. 'ती प्रोफाइल' अगदी योग्य. छपाईतली प्रोफाइल ही मुळात एक फाइल असते, आणि फाइल मराठीत 'ती'च. व्हॉट्सॲपवरचं 'ते प्रोफाइल' हा वेगळा अर्थ, तिथे नपुंसकलिंग रुळलंय; त्यावरून वाद घालू नये.

खरी अडचण 'मारणे' या क्रियापदाची आहे. रंग मारतात, स्प्रे मारतात. म्हणजे वरून काहीतरी चढवतात. त्यामुळे प्रोफाइल मारली की बिघडलेला रंग सुधारतो, असा समज होतो. प्रोफाइल मशीन सुधारत नाही. अमुक मशीन, अमुक शाई, अमुक फ्लेक्स एकत्र आल्यावर कुठल्या आकड्याला कुठला रंग उमटतो, याची ती नोंद असते. एक्स-रे जसा 'काढतात' तशी प्रोफाइल 'काढावी', आणि काम छापताना रिपमध्ये (फाइल मशीनला छापता येईल अशी करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) ती 'लावावी'. 'लावणे' तिथे चपखल बसतं.

कॅलिब्रेशन ही त्याआधीची पायरी. शास्त्रीय मराठीत अंशशोधन. पण मशीनपाशी 'मशीन लायनीवर आणणे' हेच जास्त कळतं. नोझल चेक (शाईची सगळी छिद्रं चालतात का हे दाखवणारा नमुना) काढायचा, हेड (शाई उडवणारे भाग) जुळवायचे, फीड (माल पुढे सरकणं) बघायचा. मग प्रत्येक रंगाची शाईमर्यादा ठरवायची: १०० टक्के सायन जांभळटाकडे झुकू लागला की शाई जास्त झाली, तिथून मागे यायचं. त्यानंतर लिनिअरायझेशन, म्हणजे ० ते १०० च्या पायऱ्या सारख्या पडतील असं करणं. शेवटी चारही रंगांची मिळून मर्यादा. नुसत्या हिशेबाने ती ४०० टक्के होते, पण फ्लेक्स एवढी शाई पीत नाही. कडा फुटतात, गुंडाळल्यावर माल चिकटतो.

एवढं झाल्यावर प्रोफाइल काढण्यासाठी चार्ट, म्हणजे ठरलेल्या आकड्यांच्या रंगचौकोनांचा तक्ता, छापायचा. सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. चार्ट छापताना शाईमर्यादा आणि लिनिअरायझेशन चालू हवं, पण रिपमधलं कलर मॅनेजमेंट बंद. ते चालू राहिलं तर जुन्या प्रोफाइलमधून गेलेले रंग मोजले जातात आणि नवी प्रोफाइल जन्मतःच चुकते. रिझोल्यूशन, पास (हेडच्या फेऱ्या), हीटर रोजच्या कामाचेच ठेवायचे. सॉल्व्हंट शाईचा चार्ट रात्रभर वाळू द्यावा. आपल्याकडच्या जुलैच्या दमट हवेत तर नक्कीच, कारण ओली शाई वेगळा आकडा देते. मग स्पेक्ट्रोने (रंग मोजणाऱ्या यंत्राने) मोजायचं, पातळ फ्लेक्सखाली त्याच कोऱ्या मालाचे दोन-तीन थर घालून, नाहीतर टेबलाचा रंग आकड्यात शिरतो. बॅकलिट (मागून दिवा लावायचा फ्लेक्स) असेल तर आरपार प्रकाशात मोजणारं यंत्र लागतं.

तेव्हा 'कॅलिब्रेशन केलं', 'प्रोफाइल काढली' आणि 'प्रोफाइल लावली' ही तीन वेगळी कामं आहेत. रंग घसरला तर आधी पहिलं तपासायचं: हेड बदलला किंवा नोझल बंद पडले की जुनी नोंद त्या मशीनची राहत नाही. 'फ्रंटलिटची (समोरून उजेड पडणाऱ्या फ्लेक्सची) प्रोफाइल' एवढं म्हणणंही अपुरं आहे. फाइलच्या नावातच माल, शाई, रिझोल्यूशन, पास आणि तारीख घालावी. रात्रपाळीचा माणूस नावावरूनच निवडतो.