हुर्राकाच्या दिवसांत ते पुन्हा प्यायला लागले

प्रश्न : ताई, मी गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात एका आरोग्य केंद्रात तीन वर्षं समुपदेशक आहे. मानसशास्त्राची पदवी नाही, प्रशिक्षण घेऊन कामाला लागले. एका गृहस्थांची दारू चार महिने सुटली होती. काजूचा हंगाम आला, गावात हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची दारू, निघू लागला आणि ते पुन्हा प्यायला लागले. त्यांची बायको रात्री अकराला फोन करून रडते. मी फोन उचलते. घरी मुलगा शाळेतलं काही सांगायला आला की मला ऐकवत नाही. मी कुठे चुकले? एम.ए. करू, की हे काम सोडू?
— एक वाचक, वाळपई

उत्तर : तुझं पत्र वाचताना मी मुलाच्या वाक्यापाशी थांबले. माझ्याही घरी असंच झालं होतं, आणि मला ते कळलं एका टेपमुळे.

तेव्हा आम्ही चौघी समुपदेशक बुधवारी दुपारी एकत्र बसायचो. रुग्णाची परवानगी घेऊन ध्वनिमुद्रित केलेलं सत्र ऐकायचो. त्या दिवशी माझी पाळी होती. टेपवर एक बाई सांगत होती, "मुलीन फोन घेवपाचो बंद केला." आणि लगेच माझा आवाज : "बरं, झोप कशी लागते?" ती बाई गप्प झाली. मैत्रिणीने टेप थांबवली आणि विचारलं, "तू ह्या दिवशी दमली होतीस का गो?" मी रडलेच. त्या बाईला मी जसं टाळलं, तसंच संध्याकाळी माझ्या लेकीला टाळत होते.

म्हणून तुला सुट्टी घे, फिरायला जा असं सांगून मी गप्प बसणार नाही. सुट्टी घेच. पण सोमवारी तू त्याच खोलीत पुन्हा एकटीच बसणार आहेस, आणि तुझं दुखणं त्या एकटेपणात आहे. आपल्या गोव्यातल्याच आरोग्य केंद्रांत 'संगाथ' या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने तुझ्यासारख्या, मानसशास्त्राची पदवी नसलेल्या समुपदेशकांना घेऊन नैराश्य आणि दारूवर अभ्यास केले. २०१७ मध्ये ते 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. उपचारांचा गुण आला हे सगळे सांगतात. ते समुपदेशक नियमित एकत्र बसून एकमेकांची सत्रं ऐकत आणि त्यांना गुण देत, हे फार कमीजण सांगतात. मला तोच भाग सगळ्यात मोलाचा वाटतो. आठवड्याचा तो एक तास तुझ्या अधिकाऱ्यांकडे माग. मेहेरबानी म्हणून नको, कामाचा भाग म्हणून माग. केसपेपर लिहिण्याइतकाच तो गरजेचा आहे.

आता ते गृहस्थ. दारू सुटताना घसरणं होतच असतं. काजूच्या बागायतीत राहणाऱ्या माणसाला मार्च ते मे कसे जातात ते तुला मी काय सांगू? त्यांना बोलाव. पहिला पेला कुठे घेतला, सोबत कोण होतं, त्याआधी घरात काय झालं, एवढंच शांतपणे विचार. ते परत तुझ्यासमोर येऊन बसले, तर तुझे चार महिने वाया गेलेले नाहीत.

रात्रीचा फोन मात्र बंद. त्या बाईला उद्याच समोर बसवून सांग : मी दुपारी चारपर्यंत आहे, त्यानंतर 'टेली मानस' या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक. तो मोफत आहे, चोवीस तास चालतो. ते मारायला उठले किंवा जिवावर बेतलं तर ११२ (पोलीस) आणि १०८ (रुग्णवाहिका). क्रमांक तिच्या फोनमध्ये तूच घालून दे. आधी दोन दिवस तुला अपराधी वाटेल, मलाही वाटलं होतं.

एम.ए. हवं तर कर, पण दमणूक घालवायला नको. आणि नुसत्या एम.ए.ने क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट होता येत नाही, त्यासाठी आरसीआयची (भारतीय पुनर्वास परिषदेची) मान्यता असलेलं शिक्षण आणि नोंदणी लागते. त्याआधी वर्षभर दुसऱ्यांच्या टेप ऐकून बघ. नव्या मुलींना शिकवण्याची तयारी त्यातूनच होते.

तुझ्या केंद्रात सोबतीण नसेल तर कळव. डिचोलीत एक समुपदेशक अशीच एकटी काम करते, तिला विचारून तुमची गाठ घालून देते. पहिल्या बुधवारी मीही येईन.