गेम अजून आलेलाच नाही, मॅडम

"हा गेम खेळत बसला असता तर मी समजू शकले असते, मॅडम. पण गेम अजून आलेलाच नाही आणि हा रात्री दोन-दोनपर्यंत जागतो! हे व्यसनच ना?"

माझ्याकडे समुपदेशनासाठी आलेल्या आई तावातावानं बोलत होत्या. शेजारी चोवीस वर्षांचा मुलगा, मान खाली. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

व्यसनाचा प्रश्न आधी बाजूला ठेवते. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' आहे, पण त्यासाठी खेळण्यावरचा ताबा सुटून, बाकी आयुष्याची हेळसांड साधारण वर्षभर तरी चाललेली असावी लागते. हा नोकरी नीट करत होता आणि खेळत तर जवळपास नव्हताच. तो वाट बघत होता.

आई बाहेर गेल्यावर त्याचं तोंड उघडलं. येऊ घातलेल्या अंतराळ-गेमचे ट्रेलर तो थांबवून थांबवून बघायचा. गेम पुढे ढकलला की जेवण जायचं नाही. तारीख जाहीर झाली की वेगळीच धास्ती, "फुसका निघाला तर?"

धास्ती पोकळ नव्हती. 2016 मध्ये 'नो मॅन्स स्काय' आला तेव्हा दाखवलेल्या कितीतरी गोष्टी त्यात नव्हत्या. पुढे वर्षानुवर्षं फुकट अपडेट देत तो सावरला. 'स्टारफील्ड' नोव्हेंबर 2022 ऐवजी सप्टेंबर 2023 मध्ये आला. 'स्टार सिटिझन'साठी लोक 2012 पासून पैसे देताहेत, पूर्ण गेमचा अजून पत्ता नाही. हे सगळं तो मला शिकवत होता, मी वहीत उतरवून घेत होते. पाठ ताठ झाली होती त्याची.

"सगळ्यात जास्त मनाला कुठला लागला?" मी विचारलं.

"केर्बल टू."

'केर्बल स्पेस प्रोग्राम' म्हणजे रॉकेट बांधायचं, उडवायचं, बहुतेकदा फोडायचं. कक्षेचं गणित बरंचसं खऱ्यासारखं. (फिजिक्सला घाबरून मी आर्ट्‌सला गेले, तरी मजा कळली.) तो आणि त्याचा मामेभाऊ सुट्टीत एकाच कॉम्प्युटरला चिकटलेले असायचे. दादा जर्मनीला गेला. मूळ गेममध्ये दोघांनी ऑनलाइन खेळायची सोय नाही. दुसऱ्या भागात ती देऊ, असं बनवणाऱ्यांनी सांगितलं होतं. फेब्रुवारी 2023 मध्ये तो अर्धवट अवस्थेत विक्रीला आला, त्या सोयीशिवाय. 2024 मध्ये तो बनवणारा स्टुडिओच बंद झाला.

"मग दादाशी बोलणं?"

"काय बोलणार? आला की खेळू, असं ठरलं होतं."

तेव्हापासून दोन फोन. दोन्ही दिवाळीचे.

'गेमच तर आहे' असं घरात रोज ऐकणाऱ्या मुलाला हे कुणाला सांगताही येत नाही. सांगायला जावं तर पुन्हा गेमचंच बोलणं होतं.

दोन नियम ठरवले. गेमच्या बातम्या फक्त रविवारी, अर्धा तास. आणि गेम येऊन पंधरा दिवस झाल्याशिवाय पैसे भरायचे नाहीत. दुसऱ्यावर बरीच घासाघीस झाली, कारण आधी पैसे भरणाऱ्याला म्हणे यानाचा खास रंग मिळतो. शेवटी रंगावर पाणी सोडलं त्यानं. दादाला फोन करायला मात्र आणखी तीन भेटी लागल्या.

आता शनिवारी दोघं जुनाच केर्बल खेळतात. हा स्क्रीन दाखवत उडवतो, तिकडून दादा ओरडतो. परवा चंद्रावर उतरताना यान आडवं झालं.

आपल्याकडे दोन वाजतात तेव्हा जर्मनीत रात्रीचे साडेनऊ-साडेदहाच झालेले असतात. त्यामुळे जागरणाचं अजून जमलेलं नाही. पुढच्या भेटीत आई पुन्हा येणार आहेत.