दोनचा आकडा कुठे लिहायचा?

“मॅडम, मी रोज तीन-चार तास केमिस्ट्री पाठ करते आणि पेपर हातात आला की सगळं पुसलं जातं. माझ्या डोक्यातच काही कमी आहे का?”

अकरावीतल्या त्या मुलीने हे विचारलं तेव्हा तिची आई मान खाली घालून बसली होती. हा प्रश्न माझ्याकडे सतत येतो. विचारणारं मूल बहुतेकदा मेहनतीच असतं, म्हणून तो ऐकताना फार वाईट वाटतं.

मी तिची वही मागितली. सल्ला देण्याआधी मला चूक बघायची असते. हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून पाणी होतं, ते समीकरण संतुलित करायचं होतं. डावीकडे ऑक्सिजनचे दोन अणू, उजवीकडे एक. तिने सरळ एचटूओमधल्या ‘ओ’च्या खाली बारीकसा २ लिहून टाकला होता. हिशेब जुळला, तरी लाल फुली होती. ती का, हे तिला कधी कळलंच नव्हतं.

“अणू तू अगदी बरोबर मोजलेस,” मी म्हणाले. “पण हे पाणी राहिलं नाही, हायड्रोजन पेरॉक्साइड झालं.”

मी बटणांचा डबा काढला. पांढरं बटण हायड्रोजन, त्याला एक हात. काळं ऑक्सिजन, त्याला दोन. संयुजा म्हणजे हे हात. ऑक्सिजनचा रेणू म्हणून दोन काळी बटणं जोडीने ठेवली, शेजारी पांढऱ्यांची एक जोडी. तिने पाण्याचा एक रेणू जुळवला आणि थांबली. एक काळं बटण उरलं होतं.

“याला अजून दोन पांढरी हवीत.”

“मग घे की.”

तिने डब्यातून पांढऱ्यांची आणखी एक जोडी घेतली. पाण्याचे दोन रेणू तयार झाले. मग काही न बोलता तिने वही ओढली आणि हायड्रोजनच्या पुढे २, पाण्याच्या पुढे २ लिहिला. “म्हणजे खालचा आकडा बदलला की पदार्थच बदलतो. पुढचा बदलला की नुसते रेणू वाढतात!”

पाठांतराला मी नावं ठेवत नाही. मूलद्रव्यांच्या संज्ञा, संयुजा पाठ हव्यातच. पण डोळ्यांसमोर चित्र नसताना पाठ केलेलं सूत्र म्हणजे नुसती अक्षरं, आणि ती परीक्षेच्या धसक्यात टिकत नाहीत. आईंना मी एवढंच सांगितलं, तास मोजू नका, तिला रेणू काढून दाखवायला सांगा.

पुढच्या भेटीत मोल निघाला, म्हणजे डझनासारखंच, पण अणू-रेणू मोजायचं एकक. ‘६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात’ हे तिने एका दमात म्हटलं. मी मापाच्या पेल्यात १८ मिलिलिटर पाणी ओतलं, म्हणजे साधारण १८ ग्रॅम. “तेवढे रेणू यात आहेत. मोजत बसणं अशक्य, म्हणून आपण वजन करतो.” अणुभार, म्हणजे अणूंच्या वजनाचे आकडे, मिळवले: दोन हायड्रोजनचे २, ऑक्सिजनचे १६, मिळून १८; तेवढेच ग्रॅम म्हणजे एक मोल. मग तिने आपणहून जुनं समीकरण ग्रॅममध्ये मांडलं: ४ ग्रॅम हायड्रोजन, ३२ ग्रॅम ऑक्सिजन, ३६ ग्रॅम पाणी. बेरीज जुळल्यावर तिने ती पुन्हा एकदा केली, नुसती आनंदाने.

निघता निघता दारातून वळून तिने विचारलं, “मॅडम, दोन ऑक्सिजन एकमेकांना धरतात तेव्हा दोन्ही हात वापरतात का?”

“हो. त्यालाच दुहेरी बंध म्हणतात.”