हप्ता फक्त सहा हजारांनी वाढतोय

पत्र, थोडक्यात: "मावशी, आम्ही डोंबिवली पूर्वेला राहतो. 2008 साली 26 लाखांना घेतलेल्या फ्लॅटचे आज एजंट 95 लाख सांगतात. अ‍ॅग्रीमेंटवर आम्हा दोघांची नावं आहेत. मूळ गृहकर्ज फिटत आलं होतं. मग किचन आणि फर्निचरसाठी टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जावर वाढीव कर्ज, झालं. दोन वर्षांपूर्वी घर तारण ठेवून 10 वर्षांसाठी 40 लाख उचलले. त्यात जुनी बाकी मिटवली, मोठी गाडी आली, सासूबाईंचं सहस्रचंद्रदर्शन हॉल घेऊन चारशे पानांचं झालं, दुबईही झाली. आता आमच्या लग्नाला 25 वर्षं होतील. यांना युरोपची टूर आणि मोठा कार्यक्रम करायचाय, उरलेल्यातून क्रेडिट कार्डंही मिटवायची आहेत. नवं 55 लाखांचं कर्ज 15 वर्षांचं, जुनं त्यातच बंद होणार, हातात 20 लाख येणार. नुकत्याच नोकरीला लागलेल्या मुलालाही सहकर्जदार करायचंय. हे म्हणतात, हप्ता फक्त सहा हजारांनी वाढतोय. रविवारी माणूस सह्या घ्यायला येणार आहे. मी नाही म्हटलं तर घरात महाभारत होईल. काय करू?"

अगं,

सही करू नकोस. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील.

आता त्या सहा हजारांकडे बघू. तू व्याजदर 10 टक्के लिहिला आहेस, तोच धरून मी वहीत आकडेमोड केली. (बँकेत बत्तीस वर्षं काढली, अजून हात थांबत नाही.) सध्याचा हप्ता 52,860 रुपये. दोन वर्षं भरून झाली, आठ उरली. म्हणजे आजपासून तुम्ही बँकेला आणखी 50 लाख 75 हजार द्याल आणि मोकळे व्हाल. यजमान तेव्हा 60 वर्षांचे असतील. नव्या कर्जाचा हप्ता 59,100च्या आसपास, पण तो 180 महिने. बेरीज होते 1 कोटी 6 लाखांच्या वर. हातात येणार 20 लाख आणि त्यासाठी आजच्यापेक्षा साडेपंचावन्न लाख जास्त भरायचे, तेही यजमानांच्या सदुसष्टाव्या वर्षापर्यंत. साठीनंतर पगार थांबेल, हप्ता थांबणार नाही. तेव्हा तो कोण भरणार, याचं उत्तर त्या फॉर्मवरच लिहिलंय. म्हणून तर मुलाचं नाव हवंय.

हप्ता सहा हजारांनीच वाढतो हे खोटं नाही. एजंटाला खोटं बोलायची गरजच पडत नाही. मुदत लांबवली की कुठलाही हप्ता अंगाला लागत नाही.

पण तुझ्या पत्रातलं मला खरं खटकलं ते वेगळंच. युरोपबद्दल तू अर्धं पान लिहिलंस, नणंदेच्या टोमण्यांबद्दल पाऊण पान. आणि क्रेडिट कार्डं एका ओळीत. कार्डं किती, थकबाकी किती, कशाकशाची, काहीच नाही. तुला ठाऊक नाही म्हणून लिहिलं नाहीस, की लिहायची लाज वाटली? माझा अंदाज आहे की तुला सांगितलंच गेलेलं नाही. पगारातून 52 हजार गेल्यावर घर चालत नाही, तूट कार्डावर पडते, आणि ती फुगली की घर पुन्हा तारण. टॉप-अपनंतर 40 लाख, 40 नंतर 55. टूर हे निमित्त आहे. टूर रद्द केलीत तरी ते कार्डांसाठी सही मागतीलच, बघ.

कार्डाचं व्याज महिन्याला तीन-साडेतीन टक्के असतं, ते लवकर मिटवायलाच हवं, यात यजमान बरोबर आहेत. पण कार्डाच्या कर्जाला तारण नसतं. ते थकलं तर बँक फोन करून जीव खाईल, नोटिसा पाठवेल, दावा लावेल, पण तुमच्या दाराला थेट हात लावू शकणार नाही. तेच कर्ज घराच्या कर्जात ओतलं की त्याच्या पोटात घर गेलं. हॉटेलातलं बिल आणि ऑनलाइन घेतलेले बूट यांच्यासाठी राहतं घर गहाण!

आणि घर गहाण म्हणजे काय ते जरा जवळून बघ. तुमच्याकडे येणाऱ्या मराठी पेपरची शेवटची पानं उलट. बारीक टाइपात 'ताबा सूचना' अशी जाहिरात दिसेल. तीन महिने हप्ते थकले की खातं अनुत्पादित, म्हणजे बँकेच्या भाषेत थकीत कर्ज (एनपीए), ठरतं. मग 2002च्या सरफेसी कायद्याखाली 60 दिवसांची मागणी नोटीस. तरी पैसे भरले नाहीत तर बँक घराचा ताबा घेऊ शकते, आणि त्यासाठी तिला आधी दावा लावून निकाल मिळवावा लागत नाही. सूचना दारावर चिकटवतात आणि दोन वर्तमानपत्रांत छापतात, त्यातलं एक स्थानिक भाषेतलं. फ्लॅट नंबर, मजला, सोसायटीचं नाव, चतुःसीमा, थकलेली रक्कम, सगळं. कर्जदाराच्या नावाखाली सहकर्जदाराचं नाव असतं, आणि ते बहुतेक वेळा बायकोचं. आमच्या मागच्या इमारतीत असा कागद चिकटला होता. त्या बाईंनी रात्री तो खरवडून काढायचा प्रयत्न केला. चिकटपट्टीचे चार पांढरे कोपरे दारावर तसेच राहिले. त्याच दारावर दिवाळीला तोरण लागायचं. लिलावातून थकबाकी पुरी वसूल झाली नाही तर उरलेले पैसेही तुमच्याकडूनच मागतात, हेही लक्षात ठेव.

यजमानांचं "घराची किंमत वाढलीय, पैसा नुसता भिंतीत पडून आहे" हे म्हणणं तू लिहिलं आहेस. त्यांचा न्यू जर्सीचा भाऊ म्हणे अमेरिकेत सगळे असंच करतात असं सांगतो. करत होते खरे. घरांचे भाव चढत होते तोवर लोक घरावर पुन्हा पुन्हा कर्ज काढून गाड्या, स्विमिंग पूल, सुट्ट्या करत होते. 2006नंतर भाव उतरले, 2008ला काय झालं ते भाऊजींनी जवळून पाहिलं असेल, त्यांनाच विचार. 95 लाख हा आकडा तुम्ही फ्लॅट विकाल त्या दिवशीच खरा. आणि विकून राहणार कुठे? शेजारचा फ्लॅटही 95 लाखांचाच झालाय ना?

कर वाचतो, असंही ते म्हणतात. घर तारण ठेवून काढलेला पैसा टूरवर आणि समारंभावर उडवला तर त्याच्या व्याजावर आयकरात काही सूट मिळत नाही.

मुलाचं नाव घालूच नका. तेवीस वर्षांच्या पोराच्या सिबिलवर, म्हणजे कर्जांच्या नोंदीवर, 55 लाखांचं ओझं गेलं की उद्या त्याला स्वतःच्या घरासाठी कर्ज मागताना हाच हप्ता आडवा येणार. त्याला लग्न करायचंय, कदाचित बंगळूरला जायचंय. तुमच्या पॅरिसच्या फोटोंचे हप्ते त्याने का भरायचे? त्याला तू स्वतः सांग, बापाने भावनिक होऊन विचारायच्या आधी.

आता थोडं तुझ्याबद्दल, रागावू नकोस. मागच्या दोन्ही सह्या तूही केल्यास. ते किचन तुला आवडलं, चारशे पानं उठली तेव्हा तुलाही बरं वाटलं. त्यात पाप नाही, सासूबाईंचं कौतुक व्हायलाच हवं होतं. पण "यांनी उधळलं" असं म्हणून भांडायला उभी राहिलीस तर ते पहिल्याच मिनिटाला किचनचा ट्रॉलीसेट तुझ्या तोंडावर मारतील. "आपण दोघांनी केलं, आता दोघं मिळून थांबवू" असं बोल, आणि सासूबाई झोपल्यावर बोल.

टेबलावर कागद ठेवून बोला. बँकेकडून सध्याच्या कर्जाचं परतफेडीचं वेळापत्रक मागव, सहकर्जदार म्हणून तुझा तो हक्क आहे. प्रत्येक कार्डाचं शेवटचं स्टेटमेंट. मग गाडी. पत्रात तूच लिहिलंस की ती कव्हर घालून सोसायटीत उभी असते आणि हे रोज फास्ट लोकलला लटकतात. ती विका. घेतली त्या किमतीला जाणार नाही, दोनेक दिवस हळहळ वाटेल. त्या पैशांतून कार्डं शून्यावर आणा, एक ठेवून बाकीची बंद करा. उरेल ते कर्जाच्या मुद्दलात भरा. कर्जाचा दर बदलता असेल आणि पैसा घरखर्चासाठी काढलेला असेल तर मुदतीआधी भरण्याचा दंड लागत नाही. आणि ते जास्तीचे सहा हजार यजमानांना परवडतातच ना? मग ते दर महिन्याला जुन्याच कर्जात भरा. आठ वर्षांचं कर्ज 14 महिने आधी संपतं. हे मात्र त्यांना नक्की दाखव. बचतीच्या गोष्टीने पुरुष पेटत नाहीत, पण 'रिटायर व्हायच्या आधी कर्जमुक्त' हे त्यांना आवडतं. मित्रांना सांगता येतं ना!

लग्नाची पंचविशी करा की. घरी पंचवीस माणसं बोलवा, तुझ्या हातच्या पुरणपोळ्या कर, आणि दोघंच दोन दिवस कुठेतरी कोकणात जाऊन या. नणंद बोलेलच. ती युरोप केलंत तरीही बोलली असती.

रविवारी तो माणूस येणार असेल तर शनिवारीच त्याला फोन करून नको म्हणून सांग. दारात आलेल्या माणसासमोर नवऱ्याला नाही म्हणणं तुला जमणार नाही, मला माहीत आहे. मलाही जमलं नसतं.

आणि कार्डांचा खरा आकडा कळला की मला लिही. तो दहा लाखांच्या पुढे निघाला तर गाडीने भागणार नाही, मग वेगळा विचार करावा लागेल.

तुझी,
मावशी