रात्रीच्या वेळी घरात उन्हासारखा प्रकाश कसा तयार करावा?

नोकरीमुळे वस्तूंचे फोटो रात्रीच काढावे लागतात आणि मोठा सॉफ्टबॉक्स (दिव्यापुढे पांढरे कापड ताणून प्रकाश मऊ करणारी पेटी) लावूनही ते उन्हात काढल्यासारखे का दिसत नाहीत, असे आपण विचारले आहे. माझ्या मते अडचण त्या सॉफ्टबॉक्सचीच आहे. मी जळगावचा, मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की अंगणात मांडलेली मेथीची जुडी बघता बघता मान टाकते, म्हणून ऊन घरात आणण्याची खटपट मला करावी लागली.

सूर्य प्रचंड असला, तरी सुमारे १५ कोटी किलोमीटरवरून तो आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाचा दिसतो, म्हणूनच उन्हातली सावली रेखीव असते; सॉफ्टबॉक्स मात्र जवळून खूप मोठा दिसतो आणि सावली मऊ करतो. आजोळच्या धाब्याच्या घरात भर दुपारी छताच्या बारीक भोकातून कवडसा पडायचा. भोक वेडेवाकडे असूनही कवडसा मात्र जवळजवळ गोल, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते. भोकापासून जमीन ३ मीटर असेल तर त्याची रुंदी सुमारे २.८ सेंटीमीटर भरते, म्हणजे अंतराच्या साधारण १०७व्या भागाइतकी. हेच प्रमाण दिव्याला लावावे. प्रकाश देणारा भाग ४ सेंटीमीटरचा असेल, तर तो वस्तूपासून सव्वाचार मीटरवर हवा, आणि त्यावर रिफ्लेक्टर किंवा पांढरे कापड मुळीच नको.

या अंतराचा दुसरा लाभ अधिक मोठा आहे. दिवा अर्ध्या मीटरवर ठेवला, तर टेबलाच्या ३० सेंटीमीटर मागच्या कडेला पुढच्या कडेच्या निम्म्याहूनही कमी प्रकाश पोहोचतो. चार मीटरवरून हा फरक १५ टक्क्यांच्या आत येतो आणि टेबलभर सारखे ऊन पसरल्याचा भास होतो. खोली लहान असल्यास दिवा शेजारच्या खोलीत ठेवून दारातून सोडावा, किंवा सपाट आरशावरून वळवावा, कारण आरशापर्यंतचे अंतरही हिशेबात धरले जाते. प्रकाश फार मंद होईल. पण वस्तू हलत नसल्याने ट्रायपॉड लावून आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) १०० वर एक-दोन सेकंदांचे एक्स्पोजर, म्हणजे तेवढा वेळ कॅमेऱ्यात प्रकाश, बिनदिक्कत द्यावे.

उन्हातली सावली काळी नसते, निळसर असते, कारण तिच्यावर आकाशाचा उजेड पडतो. त्यासाठी ६५०० केल्विनचा (केल्विन हे प्रकाशाच्या रंगाचे माप; आकडा जितका मोठा, तितका प्रकाश निळसर) साधा एलईडी पांढऱ्या छताकडे तोंड करून लावावा आणि तो मुख्य दिव्याच्या सहाव्या-आठव्या हिश्शाइतकाच ठेवावा. मुख्य दिवा सकाळच्या उन्हासाठी ३५०० आणि दुपारच्या उन्हासाठी ५५०० केल्विनच्या आसपास असावा.

सगळे जमले की नाही, हे भरताच्या हिरव्या वांग्यावर पाहावे. त्याच्या तुकतुकीत सालीवर उन्हात एकच बारीक, लखलखीत ठिपका दिसतो. सॉफ्टबॉक्सचा तिथे पांढरा चौकोन उमटतो आणि तो कितीही झाकला तरी झाकला जात नाही.

कडुनिंबाच्या पानांची सावली हवी असल्यास डहाळी वस्तूपासून मीटरभर अंतरावर बांधावी. तेवढ्या अंतराला उन्हात सावलीची कड सुमारे एक सेंटीमीटर पसरते आणि वर सांगितलेल्या अंतरावरच्या दिव्याने पडणारी सावलीही त्याच्या जवळपास जाते. त्या वेळी पंखा आणि कूलर दोन्ही बंद ठेवावेत, कारण एक-दोन सेकंदांत पान जरा जरी हलले, तरी पानांच्या जागी नुसता करडा डाग उमटतो.